रनवेचे दिवे दिसले, आणि विमान पुन्हा वर गेलं. मुलाला काय सांगू?

अबोली

गेल्या मंगळवारी रात्री घडलेलं लिहिते आहे. आज सहावा दिवस, पण अजून डोळा लागता लागता तो इंजिनांचा आवाज कानात येतो आणि मी दचकून उठते. इथे विमानाशी संबंधित काम केलेले काही जण आहेत हे जुन्या चर्चांवरून ठाऊक आहे, म्हणून हिय्या करून विचारते.

माझ्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं. तिच्याजवळ दहा दिवस राहून मी आणि माझा आठ वर्षांचा मुलगा परत येत होतो. दोन तासांचा प्रवास. पंखाच्या थोडी मागची रांग, मुलगा खिडकीशी, मी मध्ये, पलीकडे एक वयस्क बाई. बाहेर पाऊस. ढगांत शिरल्यावर विमान बरंच हललं, पण त्याची मला सवय आहे. पट्टे बांधायला सांगितले, दिवे मंद केले, चाकं बाहेर आल्याचा दणका ऐकू आला. मुलगा काचेला नाक लावून मला सगळं सांगत होता. रस्ता आला, गाड्या आल्या, कुंपण गेलं.

मग रनवेच्या कडेचे दिवे सुरू झाले. ते मी मोजले, म्हणून पक्कं आठवतंय. लहानपणापासून सवय आहे, काही ओळीने जाताना दिसलं की मोजायचं. ओल्या जमिनीवर प्रत्येक दिव्याचं लांबट प्रतिबिंब पडलं होतं. एक, दोन, तीन... सातपर्यंत आले. आता टेकणार म्हणून पाय रोवून बसले, आणि इंजिनं एकदम एवढ्या जोरात वाजली की समोरच्या सीटचा ट्रे थरथरायला लागला. पाठ सीटला चिकटली. नाक सरळ आभाळाकडे गेलंय असं वाटलं. दिवे खाली गेले आणि खिडकीत पुन्हा नुसतं पांढरं.

कुणी ओरडलं नाही. कुणीच काही बोललं नाही. एवढी माणसं आणि कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येईना. शेजारच्या बाईंनी माझा दंड धरला होता, मला ते नंतर कळलं. थोड्या वेळाने इंजिनांचा आवाज झपकन कमी झाला आणि पोटात खड्डा पडला. त्या क्षणी मला खात्री वाटली की आता आपण खाली पडतोय. मी मुलाचा हात धरून डोळे मिटले. मनात एकच विचार होता, की ह्याला कळायला नको.

पडलो नाही. विमान सरळ उडत राहिलं. मुलाने अगदी साध्या आवाजात विचारलं, "आई, आपण उतरायचं राहिलं का?"

घोषणा किती वेळाने झाली असेल? मी घड्याळ बघितलं होतं, नऊ मिनिटांनी. ती पण दोन वाक्यांची. काही कारणाने उतरता आलं नाही, पुन्हा प्रयत्न करतो आहोत, पट्टे बांधून बसा. त्या नऊ मिनिटांत पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी उठून वरच्या कप्प्यातून बॅग काढायला घेतली, एअर होस्टेसने बसल्या जागेवरून त्यांना मोठ्याने बसवलं. पंचवीस मिनिटांनी उतरलो. जरा आदळलोच, पण उतरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उठताच येईना, गुडघ्यांत जीव नव्हता.

घरी येऊन मुलाचा शर्ट बदलताना त्याच्या मनगटावर चार छोट्या चंद्रकोरी दिसल्या. माझ्या नखांच्या. दुखलं का विचारलं तर म्हणाला, "हो, पण तू डोळे मिटले होतेस म्हणून मी काही बोललो नाही."

तेव्हापासून मला धड झोप नाही. मुलगा ठणठणीत आहे, त्याचा एकच प्रश्न आहे आणि तो रोज विचारतो, "पायलट चुकला होता का?" मला उत्तर माहीत नाही आणि त्याच्याशी खोटं बोलायचं नाही.

बहिणीचं दुसरं ऑपरेशन पंधरा दिवसांनी आहे. तिला माझ्याशिवाय कुणी नाही. जायचं तर विमानानेच, दुसरा रस्ता दोन दिवसांचा आहे आणि मुलाला सोबत न्यावं लागणार. म्हणून विचारते. आम्ही खरंच कशातून वाचलो होतो का? आणि नऊ मिनिटं आम्हाला कुणी काहीच का सांगितलं नाही? भीतीपेक्षा त्या शांततेचा राग मला जास्त आहे.

मनोरा

अबोलीताई, मी पुष्कळ वर्षं विमानतळाच्या टॉवरमध्ये कंट्रोलर होतो, आता निवृत्त आहे. तुमचं लिखाण दोनदा वाचलं. आधी मुलाचं उत्तर, कारण तेच तुम्हाला सगळ्यात जास्त सलतंय.

वर जाणं ही चूक नसते. उतरण्यासाठी जे जे जुळून यायला हवं त्यातलं काहीतरी जुळत नाही हे दिसलं, म्हणून पायलटने उतरायचं नाकारलं. याला गो-अराउंड म्हणतात. प्रत्येक लँडिंगच्या आधी दोघं पायलट एकमेकांशी बोलून ठरवतात, की वर जायची वेळ आली तर कुठल्या दिशेने जायचं, किती उंचीला थांबायचं. तो मार्ग त्या त्या रनवेच्या नकाशावर छापलेलाच असतो. म्हणजे तुम्ही कुंपण ओलांडलंत तेव्हा वर जायचा रस्ता त्यांच्या डोक्यात तयार होता.

कारणं बरीच असतात. वारा अचानक फिरतो. मुसळधार पावसात शेवटच्या क्षणी रनवे दिसेनासा होतो. विमान जमिनीजवळ आल्यावर टेकत नाही, तरंगतच राहतं. आधी उतरलेलं विमान रनवेवरून बाहेर पडलेलं नसतं. हे शेवटचं माझ्या हातून कितीतरी वेळा झालंय. एका पावसाळी पहाटे पुढचं विमान वळणाशी येऊन थांबून राहिलं. मागचं तीन किलोमीटरवर. उतरताना विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो, सेकंदाला साधारण सत्तर मीटर. म्हणजे माझ्याकडे चाळीस सेकंद होती. मी पंधरा सेकंद वाट पाहिली आणि मागच्याला वर पाठवलं. दहाएक सेकंदांनी पुढचं बाहेर पडलं. शिफ्ट संपल्यावर साहेबांना विचारलं, थांबलो असतो तर चाललं असतं का? ते म्हणाले, असा प्रश्न पडला म्हणजे वर पाठवणंच बरोबर होतं.

आता तुमचे सात दिवे. ते वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण त्यावरून हिशोब करता येतो. रनवेच्या कडेचे दिवे एकमेकांपासून जास्तीत जास्त साठ मीटरवर असतात. पहिल्यापासून सातव्यापर्यंत सहा टप्पे, म्हणजे फार तर 360 मीटर, पाच-सहा सेकंद. मोठी विमानं साधारण 300 ते 400 मीटरवरची जागा डोळ्यासमोर धरून खाली येतात आणि सुरुवातीच्या सुमारे 900 मीटरांत टेकायला हवीत. तुम्ही त्या पट्ट्याच्या अगदी सुरुवातीला होतात. तिथून वर जायला वाव भरपूर होता. चाकं टेकली असती तरी जाता आलं असतं. उलटा जोर लावून, म्हणजे रिव्हर्स टाकून विमान थांबवायला घेतलं, की त्यानंतर मात्र वर जायचं नाही, तिथेच थांबायचं, असा दंडक आहे. त्याच्या आधीपर्यंत वर जायचा मार्ग खुला असतो आणि पायलट सिम्युलेटरमध्ये त्याचा सराव पुन्हा पुन्हा करतात.

तुम्हाला नाक आभाळाकडे गेल्यासारखं वाटलं त्याचं कारण कानात आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारं जे इंद्रिय आहे, त्याला पुढचा वेग एकदम वाढणं आणि अंग मागे कलणं यातला फरक ओळखता येत नाही. डोळ्यांना बाहेर काही दिसत असेल तर डोळे चूक दुरुस्त करतात. तुमच्या खिडकीत पांढरा ढग होता, मग कान म्हणेल तेच खरं. प्रत्यक्षात नाक पंधरा अंशांच्या आसपास वर असतं, रोज टेक-ऑफला असतं तेवढंच. आणि प्रवासाच्या शेवटी इंधन जळून विमान हलकं झालेलं, त्यामुळे ते झटक्यात चढतं. पोटात खड्डा पडला त्याचंही हेच. ठरलेली उंची आली, इंजिनांचा जोर कमी केला, नाक खाली आणलं. वेग वाढायचा थांबला की कान सांगतो आपण पुढे झुकतोय, पडतोय. ज्या क्षणी तुम्हाला पडतोय असं वाटलं, तो क्षण बहुधा त्या अर्ध्या तासातला सगळ्यात स्थिर क्षण होता.

इंधनाची काळजी मनात असेल तर तीही काढून टाका. ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याइतकं, आणि वर तीस मिनिटं 1,500 फुटांवर घिरट्या घालण्याइतकं इंधन घेतल्याशिवाय विमान निघतच नाही.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार केला. पण तुम्हाला खोटं चालत नाही म्हणालात म्हणून लिहितो. या क्षेत्राची काळजी गो-अराउंड फार होतात ही नाही, पुरेशी होत नाहीत ही आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या विमान-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की उतरताना वेग-उंचीची घडी बसलेली नसतानाही जेमतेम 3 टक्के वेळा पायलट वर जातात, बाकी उतरूनच घेतात. बहुतेक वेळा निभावतं. 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडला निभावलं नाही. पावसात विमान ठरलेल्या पट्ट्याच्या बरंच पुढे जाऊन टेकलं आणि रनवे संपल्यावर दरीत गेलं, 21 माणसं गेली. चौकशी अहवालात नोंद आहे की शेजारच्या पायलटने 'गो-अराउंड' असं म्हटलं होतं. तुमच्या विमानात ज्याने कुणी ते म्हटलं असेल, त्याचं ऐकलं गेलं.

आकाशकंदील

ताई, मनोरा सरांनी पुढच्या बाजूचं सांगितलं, मी मागच्या बाजूचं सांगते. मी अकरा वर्षं केबिन क्रूमध्ये होते.

त्या नऊ मिनिटांत तुमच्या एअर होस्टेसलाही काही माहीत नव्हतं, हे मी जवळजवळ खात्रीने सांगू शकते. आम्हाला वेगळी घोषणा नसते. उतरताना आम्ही आमच्या घडीच्या सीटवर पट्टा बांधून बसतो आणि मनात उजळणी करत असतो. विमान कुठलं, माझा दरवाजा कुठला, हँडल कोणत्या बाजूला वळतं, मदतीला कुणाला बोलवायचं, आधी बाहेर काय बघायचं. शिकवलेलंच असतं, दर टेक-ऑफला आणि दर लँडिंगला. म्हणून आमचे चेहरे गप्प दिसतात. पहिल्यांदा माझ्या विमानात असं झालं तेव्हा मी त्या उजळणीत तिसऱ्या पायरीवर होते, इंजिनं वाजली, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. समोरच्या रांगेतला एक मुलगा टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघून मान हलवली. तेवढंच करता येण्यासारखं होतं.

फोन उचलून पायलटला विचारायचं नसतं. 10,000 फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही हा नियम आहे, आणि धूर, आग, कुणाचा जीव असं काही असल्याशिवाय आम्हीही तिकडे फोन करत नाही. दोघांचे हात त्या वेळी भरलेले असतात. पूर्ण जोर द्यायचा, फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, एक टप्पा आत, विमान चढतंय याची खात्री, चाकं आत, दिशा, उंची, टॉवरचं ऐकायचं, मग रेडिओवर पुढच्या कंट्रोलरची वारंवारिता लावायची, हवामान पुन्हा घ्यायचं, किती वेळ थांबता येईल त्याचा हिशोब, आणि नवीन उतरणीची सगळी तयारी पहिल्यापासून. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, बोलणं सगळ्यात शेवटी. नऊ मिनिटं तुम्हाला किती लांब गेली असतील ते मला कळतं. आतल्या माणसाला ती दोन मिनिटांसारखी जातात.

तरीही तुमच्या रागाशी मी सहमत आहे. उतरल्यावर, दरवाजा उघडायच्या आधी, कॅप्टनने शांतपणे चार वाक्यं सांगायला हवी होती. आमचे एक कॅप्टन दर वेळी सांगायचे आणि लोक उतरताना त्यांना हात जोडून जायचे. कंपनीला लिहा. तारीख, फ्लाइट नंबर, सीट नंबर घालून, रागावून नाही, पण कारण विचाराच.

बॅग काढणाऱ्या गृहस्थांबद्दल. मला आजही अशा माणसाची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. मे 2024 मध्ये सिंगापूरला जाणारं एक विमान हवेच्या खळबळीत सापडलं, साडेचार सेकंदांत 178 फूट खाली आलं. एवढंच. पण पट्टा न बांधलेली माणसं वर उचलली जाऊन आदळली आणि खूप जण जबर जखमी झाले. आणि 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या विमानातून 379 जण उतरले, सगळेच्या सगळे जिवंत. बॅगा आतच जळाल्या. मुलाला एवढं नक्की शिकवा: पट्टा कमरेच्या हाडावर, पोटावर नाही, आणि बॅगेला हात लावायचा नाही.

पुढच्या वेळी दारातच क्रूला सांगा, की मागच्या वेळी असं झालं होतं आणि मी घाबरलेली आहे. संकोच करू नका. आम्ही ती सीट लक्षात ठेवतो. जमलं तर पंखाजवळची जागा घ्या, तिथे हालचाल कमी जाणवते, शेपटीकडे जास्त.

खिडकीजवळचा

वरच्या दोघांनी लिहिलेलं सगळं खरं आहे आणि मला ते चार वर्षांपासून पाठ आहे. तरी मला विमानात भीती वाटते. अबोलीताईंनी हे वाचून असं समजू नये की आता समजलं म्हणजे भीती जाणार, आणि नाही गेली तर आपल्यातच काही कमी आहे. माझं तसं झालं होतं. मी ठरवलं होतं की शिकून भीती घालवायची. पंख तुटेल का वाटायचं म्हणून ते वाचलं. बोइंग 777 चा पंख 1995 मध्ये मुद्दाम वाकवत नेला होता. उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार येईल असं धरतात त्याच्या दीडपट तरी सोसायला हवा असा नियम, तो 154 टक्क्यांना तुटला. हे वाचून मी खुशीत विमानात बसलो. पहिला धक्का बसला आणि तळहात ओले. डोक्याला कळलेलं हातापर्यंत पोचलंच नव्हतं.

मला उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे लिहिणं. छोटी वही आणि पेन. आवाज झाला की वेळ लिहायची आणि कसला आवाज ते लिहायचं. 7.42, घरघर, फ्लॅप असावेत. 7.51, धप्प, चाकं. घाबरलेल्या माणसाला सगळं एकत्र आदळल्यासारखं वाटतं, कागदावर ते एकेक होऊन येतं. अक्षर वाकडं आलं तर येऊ द्यायचं. माझ्या पहिल्या वहीतलं अक्षर मलाही वाचता येत नाही.

दुसरी, पाण्याची अर्धी भरलेली बाटली समोर ठेवून पाण्याची रेघ बघायची. जीव घाबरा होतो तेव्हा वाटतं विमान शेकडो फूट वरखाली होतंय. पाणी जेमतेम हिंदकळत असतं. माझ्या पोटापेक्षा मी त्या पाण्यावर विश्वास ठेवायला शिकलो, त्याला एक वर्ष लागलं.

आणि मुलाला "काही होणार नाही" असं सांगू नका, अशी माझी विनंती आहे. लहान असताना मला आजारपणात सगळे असंच सांगायचे. मला ते खोटं आहे हे कळायचं आणि मग मी विचारणंच सोडून दिलं. तुमचा मुलगा अजून विचारतोय.

पारिजात

चार चंद्रकोरींचं वाचून थांबले. माझ्या मुलीच्या दंडावर मी असेच व्रण पाहिलेत, वेगळ्या कारणाने, दवाखान्यात. अबोली, तू त्याच्याकडे डोळे मिटून घेतल्याबद्दल बोललीस का? म्हणजे त्याला सांगितलंस का की तू घाबरली होतीस? मुलांना ते आपल्याआधी माहीत असतं. तो तुला दुखतंय म्हणाला नाही, याचा अर्थ तो तुला सांभाळत होता. आठ वर्षांच्या खांद्यावर ते राहू देऊ नकोस.

अबोली

सगळ्यांचे आभार मानायला शब्द पुरत नाहीत. मनोरा काका, तुमचं उत्तर मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं, कोळिकोडचा भाग आधी गाळला होता, मग खिडकीजवळचा यांचं वाचलं आणि तोही सांगितला. त्याने नीट ऐकून घेतलं. पहिला प्रश्न असा आला, "मग तो शेजारचा पायलट मोठ्याने का नाही ओरडला?" माझ्याकडे याचं उत्तर नाही काका.

पारिजात, नव्हते बोलले. काल रात्री बोलले. म्हटलं, मी खूप घाबरले होते आणि मला वाटलं आपण पडतोय. तो म्हणाला, "मला माहिती आहे." मग पाच मिनिटांनी अंधारात म्हणाला, "मला पण वाटलं होतं."

सहा दिवस मी त्याला ठणठणीत म्हणत होते.

मनोरा

मुलाला सांगा, त्याचा प्रश्न बरोबर आहे आणि मोठ्यांनाही तो पडलेला आहे. पूर्वी कॅप्टनपुढे ज्युनियरने बोलायचं नाही असा रिवाज होता. 1977 मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं रनवेवरच आदळली, 583 माणसं गेली. निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला, म्हणजे कॉकपिटमधल्या तिसऱ्या माणसाला, शंका आली होती, त्याने विचारलंही होतं, कॅप्टनने ते उडवून लावलं. तेव्हापासून हळूहळू पायलटांना हेही शिकवायला लागले, की ज्युनियरने शंका स्पष्ट बोलायची, पुन्हा बोलायची आणि गरज पडली तर विमान हातात घ्यायचं. ओरडायचं कसं हे शिकवावं लागतं, आपोआप येत नाही.

अबोली

परत आले. बहिणीचं ऑपरेशन नीट झालं, ती आता आधाराशिवाय चालते आहे. हे आधी लिहिते कारण बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं होतं.

कंपनीला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, दोन ओळींचं, परिचालनात्मक कारणामुळे असं. मी पुन्हा लिहिलं आहे की परिचालनात्मक म्हणजे काय ते सांगा. सोडणार नाही. मला भांडायचं नाही, मुलाला उत्तर द्यायचं आहे.

जातानाचा प्रवास दिवसाचा होता, ढग नव्हते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. येताना पुन्हा रात्र आणि पुन्हा पाऊस. तिकीट काढताना दुसरी वेळ मिळाली नाही. दारात मी क्रूला सांगितलं, आवाज कापत होता. ती मुलगी म्हणाली, कितवी रांग? आणि खरंच दोनदा येऊन गेली.

वही मुलाकडे दिली होती. आकाशकंदील ताईंनी लिहिलेला क्रम त्याने घरीच वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला होता, आणि उतरतानाचे आवाज दुसऱ्या पानावर. खाली यायला लागल्यावर माझे तळहात भिजले, श्वास अडकायला लागला. भीती होतीच, सगळीच्या सगळी. फरक एवढाच की हात मांडीवर उघडा ठेवला होता आणि मुलाला सांगितलं होतं की घाबरले तर मी तुझा हात धरणार नाही, तू माझा धर. त्याने धरला. त्याच्या हातात पेन होतं, त्याची निळी रेघ माझ्या तळव्यावर अजून आहे.

"फ्लॅप," तो म्हणाला आणि वेळ लिहिली. मग दणका. "चाकं." मी पण तोंडाने म्हटलं, चाकं. कुंपण गेलं. दिवे सुरू झाले. या वेळी मोजायचं काम त्याचं होतं. मला समोरच्या सीटची शिवण दिसत होती, तेवढीच बघत बसले. पाच, सहा, सात. सातला मी श्वास धरला. आठला चाकं टेकली.

आमच्या पलीकडे तिसऱ्या सीटवर एक तरुण मुलगा होता, चोवीस-पंचवीसचा असेल, प्रवासभर कानाला हेडफोन लावून बसलेला. विमान टेकल्यावर तो जोराचा घुमणारा आवाज सुरू झाला, तेव्हा माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. हेडफोन गळ्यात होते, दोन्ही हातांनी सीटचे दांडे घट्ट धरलेले, बोटं पांढरी पडलेली. तो माझ्या मुलाच्या वहीकडे बघत होता. वाकून त्याने हळूच विचारलं, "अरे, हा आवाज कसला?"

मुलाने पान उलटून बघितलं आणि वही त्याच्याकडे सरकवली.